शूबर्टचे वाद्यपंचक

आपल्या देशात संगीताची विद्या गुरूच्या मुखातून शिष्याच्या कंठात उतरत आली आहे. गुरू गातात, शिष्य ऐकतो, घोकतो आणि पुढे तीच विद्या आपल्या शिष्यांना देतो. युरोपातील अभिजात संगीताची रीत याहून निराळी आहे. तेथे संगीत रचणारा आपली रचना पाच आडव्या रेघांच्या कागदावर स्वरचिन्हांनी लिहून ठेवतो. कोणत्या वाद्याने कोणता स्वर वाजवावा, तो किती वेळ धरावा, किती हळू किंवा किती जोराने वाजवावा, हे सारे त्या कागदावर नमूद केलेले असते. वादक तो कागद समोर ठेवून वाजवितात. त्यामुळे रचनाकार हयात नसला तरी त्याची रचना पुन्हा ऐकता येते. मात्र कागद नाहीसा झाला आणि त्याची दुसरी प्रतही उरली नाही, तर ते संगीत कायमचे बुडाले! फ्रान्झ शूबर्ट या थोर संगीतकाराची एक अपूर्व रचना अशीच बुडण्याच्या बेतात होती. तिची आणि तिच्या कर्त्याची ही हकीकत आहे.

शूबर्टचा जन्म ३१ जानेवारी १७९७ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे, शहराच्या तटाबाहेरील एका उपनगरात झाला. त्याचे वडील शाळामास्तर होते आणि राहत्या घरातच त्यांची शाळा भरे. त्याच्या आईला चौदा मुले झाली. परंतु त्यांपैकी पाचच जगली. मिळकत बेताची, जागा अपुरी आणि शाळेतील मुलांचा दिवसभर गलका, अशा घरात फ्रान्झ वाढला. मात्र त्या घरात एका गोष्टीची चंगळ होती. ती म्हणजे संगीताची. वडिलांनी त्याच्या हाती व्हायोलिन दिले. थोरला भाऊ इग्नाझ याने त्याला पियानो शिकविला. पण थोड्याच महिन्यांत धाकटा भाऊ आपल्या पुढे गेल्याचे त्याच्या ध्यानात आले. मग वडिलांनी मुलाला चर्चमधील गायकवृंदाच्या शिक्षकांकडे धाडले. त्यांनाही तोच अनुभव आला. जे शिकवावे म्हणून ते बसत, ते या मुलाला आधीच येत असे.

सुटीच्या दिवशी या कुटुंबाची मैफल जमे. फर्डिनांड आणि इग्नाझ हे दोघे भाऊ व्हायोलिन घेत. फ्रान्झ व्हायोला वाजवी. व्हायोला दिसायला व्हायोलिनसारखाच. परंतु आकाराने थोडा मोठा आणि आवाजाने थोडा खालच्या पट्टीतला. वडील चेलो घेऊन बसत. चेलो हेही गजाने वाजविण्याचे तंतुवाद्य आहे; पण ते इतके मोठे असते की, वादकाला खुर्चीवर बसून ते गुडघ्यांच्या मध्ये धरावे लागते. त्याचा स्वर खर्जातला, भरदार आणि माणसाच्या गळ्याशी जवळीक सांगणारा असतो. अशा चार वाद्यांच्या मेळाला वाद्यचतुष्क म्हणतात. वाजविता वाजविता वडिलांचा एखादा स्वर चुके. फ्रान्झ पहिल्यांदा ते ऐकून न ऐकल्यासारखे करी. तीच चूक पुन्हा झाली, म्हणजे मात्र तो अतिशय आदराने आणि हसतमुखाने कोठेतरी काही चुकले असावे, असे सुचवी. लहान मुलाच्या कानाची ही कसोटी होती आणि त्याच्या विनयाचीही!

१८०८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याच्या गोड गळ्यामुळे राजदरबारच्या प्रार्थनामंदिरातील गायकवृंदात त्याची निवड झाली. त्याबरोबर सरकारी वसतिगृहात राहण्याची आणि उत्तम शाळेत शिकण्याची सोय झाली. तेथे विद्यार्थ्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. फ्रान्झ त्यात व्हायोलिन वाजवू लागला. दरबारचे प्रमुख संगीतकार सालिएरी यांनी त्याचे गुण हेरून पुढे त्याला संगीतरचनेचे पाठ दिले. पण वसतिगृहातील दिवस काही सुखाचे नव्हते. खोल्या गारठलेल्या असत आणि दुपारच्या व रात्रीच्या जेवणांत फार वेळ जाई. १८१२ साली लिहिलेल्या एका पत्रात फ्रान्झने भावाकडे थोडे पैसे मागितले आहेत. कशासाठी? तर मधल्या वेळी एखादा पाव आणि दोन-चार सफरचंदे घेता यावीत, एवढ्यासाठी. त्याच वर्षी त्याची आई वारली.

भुकेपेक्षाही त्याला मोठी अडचण होती ती कागदाची. डोक्यात स्वर घोळत असत. पण लिहायला रेघांचा कागद नसे. श्पाउन नावाचा त्याच्याहून काही वर्षांनी मोठा असलेला एक विद्यार्थी त्याच वाद्यवृंदात होता. या बुजऱ्या मुलाची अडचण त्याला कळली आणि तो त्याला गुपचूप कागद आणून देऊ लागला. फ्रान्झला कितीही कागद दिला तरी तो पुरत नसे! श्पाउनचा हा स्नेह जन्मभर टिकला. शूबर्टच्या आयुष्यात पैसा कधी आला नाही, मानाची जागा कधी मिळाली नाही. मित्र मात्र असे जिवाला जीव देणारे मिळाले.

शिक्षण संपल्यावर, १८१४ सालापासून, तो वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाला. दिवसा लहान मुलांना अक्षरे गिरवायला लावायची आणि उरलेल्या वेळात संगीत लिहायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला. जर्मन कवींच्या कवितांना चाली लावून पियानोच्या साथीने म्हणावयाची गीते तो रचू लागला. एकट्या १८१५ सालात त्याने १४० हून अधिक गीते रचली. त्यांपैकी एक गीत जर्मन महाकवी गटे याच्या कवितेवरचे होते. वादळी रात्री एक बाप आजारी मुलाला कवटाळून घोडा दौडवीत आहे आणि पिशाचांचा राजा त्या मुलाला भूल घालून बोलावीत आहे, असा त्या कवितेचा विषय आहे. पियानोच्या पट्ट्यांवर घोड्याच्या टापांचा ध्वनी उमटविणारे हे गीत रचले, तेव्हा शूबर्ट अवघा अठरा वर्षांचा होता.

हे गीत छापून निघावे, असे त्याच्या मित्रांना वाटले. १८१६ साली श्पाउनने शूबर्टच्या गीतांची एक सुबक वही तयार करून ती थेट गटेकडे पाठविली. ती अभिप्रायाचा एक शब्दही न येता परत आली. पुढच्या वर्षी पिशाचराजाचे गीत लाइप्झिग शहरातील ब्राइटकॉफ आणि हेर्टल या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेकडे गेले. तेथे शूबर्टचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. परंतु ड्रेस्डेन शहरात फ्रान्झ शूबर्ट याच नावाचे एक संगीतकार राहत असत. प्रकाशकांनी ते हस्तलिखित त्यांच्याकडे परत पाठविले! आपल्या नावावर भलतेच काही खपविले जात आहे, असे वाटून ते गृहस्थ रागावले. अखेर १८२१ साली मित्रांनीच वर्गणी जमवून ते गीत स्वखर्चाने छापविले आणि व्हिएन्नातील कापी आणि डियाबेली या पेढीमार्फत विक्रीला ठेवले. त्याच वर्षी फोगल या नामवंत गायकाने ते मोठ्या सभागृहात गाऊन दाखविले. कृतिक्रमांक एक लाभलेली शूबर्टची रचना ती हीच. पिशाचराजाचे गीत आणि लाइप्झिगचे हे प्रकाशक यांची गाठ या कथेत पुन्हा पडणार आहे.

तोपर्यंत त्याने शाळेची नोकरी सोडली होती. तो ठेंगणा, अंगाने गुबगुबीत आणि जाड भिंगांचा चष्मा लावणारा होता. झोपतानाही तो चष्मा काढीत नसे. सकाळी जाग येताच लिहावयास बसता यावे, म्हणून! सकाळी काही तास लिहावे, दुपारी फिरावयास जावे आणि संध्याकाळी मित्रांच्या मेळाव्यात रमावे, अशी त्याची दिनचर्या असे. कवी, चित्रकार, गायक आणि कारकून अशी सर्व तऱ्हेची मंडळी कोणाच्या तरी घरी जमत. शूबर्ट पियानोवर बसे, फोगल गाई आणि रात्र कधी सरली हे कोणालाच कळत नसे. या बैठकींना मित्रांनी त्याचेच नाव दिले होते.

परंतु बैठकीतील कौतुकाने पोट भरत नाही. कधी या मित्राकडे, कधी त्या मित्राकडे असा त्याचा मुक्काम हले. १८२२ सालच्या अखेरीस त्याला एका दुर्धर रोगाने गाठले आणि तेव्हापासून त्याची प्रकृती पूर्णपणे कधीच सुधारली नाही. दरबारी संगीतकाराच्या एका रिकाम्या जागेसाठी त्याने १८२६ साली अर्ज केला. ती जागा दुसऱ्याला मिळाली. प्रकाशक त्याच्याकडून गीते आणि नृत्याच्या चाली घेत. कारण त्या घरोघरी खपत. मोठ्या रचना घेण्यास मात्र ते तयार नसत. त्याने वाद्यचतुष्के पुष्कळ लिहिली. परंतु त्याच्या हयातीत त्यांपैकी एकच, १८२४ साली, छापले गेले. त्याची एकही सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना, त्याला छापलेली पाहावयास मिळाली नाही. तरीही त्याने मोठ्या रचना लिहावयाचे सोडले नाही. जे खपते तेवढेच लिहावे, असा हिशेब त्याच्या मनाला कधी शिवला नाही.

याच व्हिएन्ना शहरात बीथोव्हेन राहत असे. शूबर्टच्या दृष्टीने तो संगीतातील देवच होता. १८२७ सालच्या मार्च महिन्यात बीथोव्हेन मरण पावला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत हाती मशाल घेऊन चालणाऱ्यांत शूबर्ट होता. बरोबर एका वर्षाने, २६ मार्च १८२८ रोजी, म्हणजे बीथोव्हेनच्या पहिल्या पुण्यतिथीस, मित्रांच्या आग्रहावरून शूबर्टने केवळ स्वतःच्या रचनांचा एक जाहीर कार्यक्रम केला. सभागृह भरले आणि पैसेही बरे मिळाले. परंतु तीनच दिवसांनी पागानिनी या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाचा व्हिएन्नातील पहिला कार्यक्रम झाला. सारे शहर त्याच्यामागे धावले आणि वर्तमानपत्रे त्याच्याच वर्णनांनी भरून गेली. शूबर्टच्या कार्यक्रमाची आठवण कोणाला राहिली नाही. त्याच्या आयुष्यातील अशा प्रकारचा हा एकुलता एक कार्यक्रम!

१८२८ सालच्या सप्टेंबरमध्ये, हवापालट व्हावा म्हणून, तो शहराबाहेर भाऊ फर्डिनांड याच्या घरी राहावयास गेला. घर नवे बांधलेले आणि ओलसर होते. प्रकृती खालावत चालली होती. अशा स्थितीत, उन्हाळ्याच्या शेवटापासून शरद ऋतूच्या प्रारंभापर्यंतच्या थोड्या आठवड्यांत, त्याने पियानोच्या तीन मोठ्या रचना पुऱ्या केल्या आणि त्याबरोबरच पाच तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली. हेच ते वाद्यपंचक.

पाच वाद्यांच्या मेळासाठी मोझार्टने पूर्वी रचना केल्या होत्या. त्यांत नेहमीच्या चार वाद्यांच्या जोडीला त्याने दुसरा व्हायोला घेतला होता. शूबर्टने दुसरा चेलो घेतला. या एका बदलाने मेळाचे रूपच पालटले. दुसरा चेलो खर्जाचा पाया सांभाळू लागला आणि पहिला चेलो वर येऊन गावयास मोकळा झाला. पंचकाचे चार भाग असून ते वाजविण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. प्रारंभी एकच स्वरसमूह शांतपणे उमटतो, हळूहळू फुगत जातो आणि एकाएकी त्यावर काळी छाया पडते. थोड्या वेळाने दोन्ही चेलो मिळून एक चाल गाऊ लागतात आणि इतर वाद्ये त्यांना हलकेच साथ करतात. दोन जुने मित्र संध्याकाळी बरोबर चालत असावेत, तशी ती चाल आहे.

दुसरा भाग अतिशय विलंबित लयीचा आहे. मधली तीन वाद्ये लांबच लांब स्वर इतक्या संथपणे धरून ठेवतात की, काळ थांबल्यासारखा वाटतो. वर पहिले व्हायोलिन मधूनच लहान लहान उद्गार काढते आणि खाली दुसरा चेलो बोटाने तार छेडून त्याला उत्तर देतो. मग अकस्मात वादळ उठते. सारी वाद्ये व्याकूळ होतात. वादळ ओसरते आणि पहिली शांतता पुन्हा येते. पण आता ती सर्व काही सोसून आल्यासारखी वाटते. तिसऱ्या भागात शिकारीच्या शिंगांसारखी द्रुत गर्जना आहे आणि तिच्या पोटात एक खिन्न, संथ विसावा आहे. चौथ्या भागात खेड्यातील नाचाचा उल्हास आहे. हा नाच शेवटाकडे वेगाने धावत जातो. पण अखेरचा स्वर येण्यापूर्वी एक ठेच लागते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर शेवटच्या षड्जाला कोमल ऋषभ स्पर्श करून जातो. आनंदाच्या अखेरच्या क्षणीही दुःखाची आठवण राहावी, तसा तो स्पर्श आहे.

२ ऑक्टोबर १८२८ रोजी शूबर्टने लाइप्झिगमधील प्रोब्स्ट या प्रकाशकाला पत्र लिहिले आणि आपल्या नव्या रचनांची माहिती कळविली. त्यात या पंचकाचाही उल्लेख होता. लवकरच त्याची तालीम होईल, अशी त्याला आशा होती. प्रोब्स्टला हवी असत ती गीते आणि पियानोवर वाजविण्याजोग्या रचना. पंचक त्याने घेतले नाही. तोपर्यंत शूबर्टचे शरीर थकले होते; पण शिकण्याची हौस थकली नव्हती. नोव्हेंबरच्या प्रारंभी तो सेख्टर नावाच्या एका विद्वान शिक्षकाकडे गेला आणि संगीतरचनेतील एका कठीण अंगाचे धडे त्याने सुरू केले. शेकडो रचना केलेला हा संगीतकार पुन्हा विद्यार्थी होऊन बसला! तो धडा एकदाच झाला. थोड्याच दिवसांत विषमज्वरासारख्या तापाने त्याने अंथरूण धरले आणि १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. त्याच्या इच्छेस मान देऊन त्याला बीथोव्हेनच्या कबरीजवळच पुरण्यात आले.

मृत्यूनंतर सरकारी रीतीप्रमाणे त्याच्या मालमत्तेची यादी झाली. काही कपडे, अंथरूण आणि जुन्या संगीताचे काही कागद, एवढीच नोंद त्या यादीत आहे. सर्वांची मिळून किंमत ६३ गुल्डन ठरली. त्यांत कागदांची किंमत होती १० गुल्डन. हयातीत त्याने रचलेल्या गीतांची संख्या सहाशेच्या पुढे जाते आणि इतर रचना त्याहून वेगळ्या. त्यांतील पुष्कळ हस्तलिखिते तेव्हा मित्रांकडे किंवा भावाच्या कपाटात होती आणि छापले गेलेले फारच थोडे होते.

फर्डिनांड हाही शिक्षक होता. श्रीमंत नसला तरी भावाच्या कागदांचे मोल तो जाणून होता. त्याने ते जपून ठेवले आणि छापण्याच्या अटीवर त्यांतील पुष्कळसे डियाबेलीच्या पेढीला विकले. पंचकाचे हस्तलिखितही त्या पेढीच्या ताब्यात गेले. पेढीने गीते भराभर छापली. पण पंचक तसेच पडून राहिले. १८३९ सालच्या प्रारंभी शूमान हा जर्मन संगीतकार फर्डिनांडला भेटावयास आला. त्याच्यासमोर फर्डिनांडने उरलेल्या हस्तलिखितांचा ढीग ठेवला. त्यात शूमानला एक भव्य सिंफनी सापडली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मेंडेल्सनने ती लाइप्झिग येथे वाजवून दाखविली. तेव्हा कोठे युरोपला कळू लागले की, शूबर्ट हा केवळ गोड गीतांचा कर्ता नव्हता.

पंचकाला याहूनही अधिक वाट पाहावी लागली. व्हिएन्नात हेल्मेसबर्गर या तरुण व्हायोलिनवादकाने १८४९ साली आपले वाद्यचतुष्क स्थापन केले होते. त्याने एका जादा चेलोवादकाला बरोबर घेऊन १७ नोव्हेंबर १८५० रोजी हे पंचक जाहीरपणे प्रथम वाजविले. शूबर्टच्या मृत्यूला बावीस वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उरले होते. पुढे डियाबेलीची पेढी श्पीना या प्रकाशकाकडे आली आणि त्याने १८५३ साली हे पंचक छापले. लिहिल्यापासून छापले जाईपर्यंत पंचवीस वर्षे लोटली होती. त्यावर १६३ हा कृतिक्रमांक घालण्यात आला. हा आकडा प्रकाशकांनी दिलेला आहे. ही शूबर्टची एकशे त्रेसष्टावी रचना, असा त्याचा अर्थ नाही. पुढे ओटो एरिख डॉइच या अभ्यासकाने शूबर्टच्या सर्व रचना शक्य तितक्या कालक्रमाने लावून १९५१ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत या पंचकाचा क्रमांक ९५६ आहे.

त्या काळी संगीत छापणे हे मोठ्या कौशल्याचे काम होते. कारागीर हस्तलिखित पुढे ठेवून धातूच्या पत्र्यावर एकेक स्वरचिन्ह ठशाने ठोकीत असे आणि तेही आरशातल्यासारखे उलटे! त्या पत्र्यांवरून शाई देऊन पाने छापीत. एवढ्या खटाटोपात एखादा स्वर इकडचा तिकडे होणे, एखादी खूण गळणे सहज शक्य असे. शूबर्टच्या अक्षराची तर एक खास अडचण होती. स्वरावर क्षणभर जोर द्यावा, अशी एक लहान खूण असते आणि आवाज हळूहळू उतरवीत न्यावा, अशी तशाच आकाराची एक लांब खूण असते. शूबर्ट घाईत लिहिताना पहिली खूण इतकी लांब काढी की, ती दुसरीसारखी दिसे. वादकाने जोर द्यावयाचा की आवाज उतरवावयाचा, हा प्रश्न मग छापणाऱ्याला पडे.

अशा वेळी मूळ हस्तलिखित पाहावे, हा उत्तम मार्ग. परंतु पंचकाच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. कारण शूबर्टने स्वहस्ते लिहिलेली प्रत हरवली! म्हणून श्पीनाची १८५३ ची आवृत्ती हाच आज या रचनेचा मुख्य आधार ठरला आहे. ती छापली गेली नसती आणि हस्तलिखित मात्र हरवले असते, तर या पंचकाचे नाव आपल्याला केवळ एका पत्रातील उल्लेखावरून कळले असते. त्याचा एक स्वरही कोणाच्या कानी पडला नसता. आजही नवी आवृत्ती काढणारे संपादक ती जुनी छापील पाने घेऊन बसतात. शूबर्टची इतर जी हस्तलिखिते उपलब्ध आहेत, त्यांवरून त्याच्या लिहिण्याच्या सवयी पाहतात आणि प्रत्येक संशयास्पद खुणेचा निर्णय काळजीपूर्वक करतात.

१८८४ ते १८९७ या काळात शूबर्टच्या सर्व संगीताची पहिली समग्र आवृत्ती निघाली. ती काढणारी संस्था कोणती? अठरा वर्षांच्या शूबर्टचे गीत भलत्याच माणसाकडे परत पाठविणारी लाइप्झिगची ब्राइटकॉफ आणि हेर्टल हीच ती संस्था! तिच्या संपादकांत थोर संगीतकार ब्राम्स होता. ब्राम्सने तरुणपणी, १८६२ साली, शूबर्टप्रमाणेच दोन चेलो घेऊन स्वतःचे एक पंचक लिहिले होते. पण ते मनाजोगते न उतरल्यामुळे त्याने तो मेळ सोडून दिला आणि ती रचना वेगळ्या वाद्यांसाठी पुन्हा लिहिली. शूबर्टला थोड्या आठवड्यांत जे साधले, ते किती अवघड होते, हे यावरून समजते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत समग्र शूबर्टची दुसरी, नव्या संशोधनावर आधारलेली आवृत्ती निघू लागली.

आज जगातील अनेक मोठ्या शहरांतील सभागृहांत हे पंचक वाजविले जाते. पाच वादक अर्धवर्तुळात बसतात, पुढ्यातील पाने उघडतात, क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि पहिला शांत स्वरसमूह उमटतो. ज्या कागदांची किंमत एके काळी दहा गुल्डन ठरली होती, त्यांच्यासारख्याच कागदांतून हे वैभव निर्माण झाले आहे. त्याचे पहिले श्रेय अर्थातच शूबर्टचे. पैसा, मान किंवा टाळ्या यांपैकी कशाचीही शाश्वती नसताना त्याने आपले उत्तमोत्तम ते कागदावर उतरविले. पण त्याच्या मागे एक लहानशी रांग उभी आहे. वसतिगृहात त्याला कागद पुरविणारा श्पाउन, भावाचा ठेवा जपणारा फर्डिनांड, विस्मृत पाने उघडून वाजविणारा हेल्मेसबर्गर, पत्र्यावर उलटे स्वर ठोकणारे अनाम कारागीर आणि एकेका खुणेसाठी डोळे शिणविणारे संपादक, हे सारे त्या रांगेत आहेत. यांतील एकाचा जरी हात आखडला असता, तरी ते स्वर आपल्यापर्यंत पोहोचले नसते. थोर कृती निर्माण करणे हे थोड्यांच्याच वाट्याला येते. ती जपून पुढच्या हाती देणे मात्र कोणालाही साधण्यासारखे आहे.